वेळेवर पोच : एका डॅशबोर्डच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

महिन्याच्या आढावा बैठकीत आज तीन विभागांनी एकाच गोष्टीचे तीन आकडे दाखवले. 'वेळेवर पोच' विक्रीच्या स्लाइडवर ८१ टक्के, डिस्पॅचच्या ९६, फायनान्सच्या ८९. तिन्ही स्लाइड सुबक, तिन्हींच्या खाली बारीक अक्षरात 'स्रोत : ईआरपी', म्हणजे ऑर्डरपासून हिशोबापर्यंत कंपनीचं सगळं काम जिच्यावर चालतं ती संगणक-प्रणाली. एमडींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मला एकच आकडा हवा. सहा आठवड्यांत डॅशबोर्ड करून द्या."

दुपारी, आकडे आणि आलेख एका जागी दाखवणाऱ्या या डॅशबोर्डसाठी टूल कोणतं यावर चर्चा सुरू झाली आणि मी ती वीस मिनिटांत आटोपली. पॉवर बीआयचे परवाने सगळ्यांकडे आधीच आहेत, तेच वापरायचं. टॅब्लो या दुसऱ्या टूलच्या बाजूचे दोघे जरा खट्टू झाले. त्यांचं दुःख कळतं. टॅब्लो २००३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून उभं राहिलं आणि ते मूळ अजून जाणवतं. हाताशी आलेला डेटा ओढत-सोडत नुसता न्याहाळायचा असेल तर मीही तेच उघडेन. पण आपल्यासमोरचा प्रश्न न्याहाळण्याचा नाही. तीन माणसं एकच ईआरपी बघून तीन आकडे सांगतायत, त्यात टूलचा काय दोष?

५ जून, बुधवार

तिन्ही विभागांत जाऊन बसले. प्रश्न एकच ठेवला होता : "उशीर झाला, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

विक्री : ग्राहकाने पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरपत्रात) मागितलेली तारीख. माल त्या दिवशी ग्राहकाच्या दारात हवा.

डिस्पॅच : आपण कबूल केलेली तारीख. गाडी गेटबाहेर पडली की काम झालं. "रस्त्यात ट्रक पंक्चर झाला तर ते माझ्या खात्यात का?"

फायनान्स : ठरलेल्या महिन्यात इन्व्हॉइस निघालं की वेळेवर. म्हणजे १ तारखेचा माल ३० तारखेला गेला तरी चालतं. विचारल्यावर फायनान्सच्या मॅडम हसल्या. "आम्हाला महिना बंद करायचा असतो हो. 'वेळेवर' हे नाव त्या कॉलमला आमच्या आधीच्या कोणीतरी दिलंय."

त्यात आणखी एक पदर निघाला. दहा ओळींच्या, म्हणजे दहा वस्तूंच्या, ऑर्डरमधल्या नऊ ओळी वेळेवर गेल्या, एक राहिली. डिस्पॅच ओळी मोजतं, म्हणून ९० टक्के. विक्री अख्खी ऑर्डर मोजते, म्हणून शून्य, कारण त्या एका सुट्या भागावाचून ग्राहकाचं मशीन उभंच आहे.

संध्याकाळी वहीत मांडून पाहिलं. सुरुवातीच्या तारखा दोन (मागितलेली, कबूल केलेली), शेवटच्या दोन (गेट, पोच), मोजायची एककं दोन (ओळ, ऑर्डर). आठ आकडे झाले, फायनान्सचा नववा. बैठकीत तीनच समोर आले हे नशीब म्हणायचं.

१० जून, सोमवार

डेटा ओढायला सुरुवात. ईआरपीच्या टेबलांना आयटीने फक्त वाचण्यापुरता प्रवेश दिला. गेटपास, इन्व्हॉइस, ऑर्डरच्या ओळी ठीक आल्या. पोच-तारखा मात्र वाहतूकदाराच्या सीएसव्ही फाइलमधून येतात आणि तिथे अर्धा दिवस गेला.

त्या फाइलमध्ये महिना आधी लिहिलेला आहे, दिवस नंतर. माझ्या मशीनवरचं पॉवर क्वेरी (पॉवर बीआयमधलं डेटा आत घेणारं साधन) दिवस आधी धरतं. ७ मार्चची पोच '३/७' अशी येते आणि आत जाऊन ३ जुलै होते. १५ मार्च मात्र '३/१५', पंधरावा महिना नसतोच, म्हणून तिथे एरर. थोडक्यात, महिन्यातल्या १३ तारखेपासूनच्या ओळी ओरडतात आणि पहिल्या बारा दिवसांच्या गुपचूप चुकीच्या जागी जाऊन बसतात. ओरडणाऱ्यांकडे आपलं लक्ष जातं, गप्प बसलेल्यांकडे जात नाही.

लिहायला लाज वाटते, पण मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये मीच 'एरर असलेल्या ओळी काढा' ही पायरी टाकून पुढे गेले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त बरोबर ओळी फेकल्या आणि उरलेल्या जवळपास सगळ्या चुकीच्या ठेवल्या. त्यातल्या ३ मार्च, ४ एप्रिल अशा तारखा तेवढ्या उलटसुलट वाचूनही खऱ्या राहिल्या. कोणी ओरडलं कसं नाही? कोणी तो रिपोर्ट बघत नव्हतं, हे सरळ उत्तर.

दुरुस्ती दोन क्लिकची : कॉलमचा प्रकार ठरवताना लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहिली आहे ते, सांगायचं. सोबत एक कायमची तपासणी टाकली. गाडी निघायच्या आधीच माल पोचल्याचं दाखवणाऱ्या ओळी मोजायच्या. हा आकडा शून्य नसेल तर तारखांत घोळ आहे.

१३ जून, गुरुवार

फाइल सहाशे एमबीच्या पुढे गेली. ओळी जेमतेम चार लाख, मग एवढा फुगवटा कशाचा?

सापडलं. पॉवर बीआयमध्ये तारखांची आपोआप सोय करणारा एक पर्याय मुळातच चालू असतो. तो प्रत्येक तारीख-कॉलममागे एक लपलेलं कॅलेंडर बनवतो, त्या कॉलममधल्या सर्वांत जुन्या वर्षापासून सर्वांत नव्या वर्षापर्यंत. आणि आमच्या ईआरपीला रिकामी तारीख सहन होत नाही. जुन्या नोंदींत त्याने १ जानेवारी १९०० भरून ठेवलंय आणि 'अजून ठरलं नाही' असल्यास ३१ डिसेंबर ९९९९. मधली वर्षं ८१००. दिवस साडेएकोणतीस लाखांच्या वर. अशी पाच कॅलेंडरं चार लाख ओळींच्या मॉडेलच्या (एकमेकांना जोडलेल्या टेबलांच्या) पोटात बसली होती.

पर्याय बंद केला. खोट्या तारखा रिकाम्या केल्या. दहा वर्षांचं एकच स्वतःचं कॅलेंडर केलं. शिवाय गेटपासची वेळ सेकंदांपर्यंत येत होती, ती तारीख आणि तास अशी तोडली. आतलं इंजिन प्रत्येक कॉलममधल्या वेगवेगळ्या किमतींची यादी ठेवून दाबतं, म्हणून जवळपास प्रत्येक ओळीला वेगळी किंमत असलेला कॉलम सर्वांत जड पडतो. सेकंद कोणाला हवे होते? विचारलं, तर कोणालाच नाही. फाइल सत्तर एमबीवर आली.

आयटीतल्या सहकाऱ्याने चांगल्या मनाने ९४ कॉलमचं एक सपाट टेबल तयार करून दिलं होतं. 'सगळं एकत्र आहे, तुला सोपं जाईल.' आभार मानून ते बाजूला ठेवलं. डेटा-मांडणीचे जाणकार राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेली जुनी ताऱ्याची रचनाच बरी. मध्ये घटना (ऑर्डरची ओळ, डिस्पॅच), भोवती ग्राहक, वस्तू, कारखाना, तारीख. पॉवर बीआयचं इंजिन अशाच मांडणीवर नीट धावतं. दोन वर्षांनी फाइल दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर त्यालाही मांडणी बघताच कळेल.

१८ जून, मंगळवार

फायनान्सबरोबर ताळा. एप्रिलच्या ऑर्डरींची रक्कम माझ्याकडे त्यांच्या वहीपेक्षा बरीच जास्त येत होती. कारण जुनंच. एक ओळ तीन हप्त्यांत गेली की जोडणी करताना ऑर्डरचं प्रमाण तीनदा येतं आणि बेरीज तिप्पट होते. ऑर्डर आणि डिस्पॅच वेगळ्या घटना म्हणून ठेवल्यावर ताळा जुळला, रुपयाला रुपया. फायनान्सच्या मॅडमनी प्रिंटआउटवर सही केली, तारीखही घातली. ही सही मी जपून ठेवणार आहे.

एक भांडण मात्र झालं. कारखान्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढून कंपनीची टक्केवारी सांगायची, ही इथली जुनी पद्धत. फळ्यावर लिहून दाखवलं : एकाच्या ९०० ओळींपैकी ८५५ वेळेवर, म्हणजे ९५ टक्के. दुसऱ्याच्या १०० पैकी ५०, म्हणजे ५० टक्के. सरासरीची सरासरी ७२.५. खरं उत्तर हजारात ९०५, म्हणजे ९०.५. लहान कारखान्याच्या प्रमुखांचा चेहरा उजळला, मोठ्याच्या प्रमुखांनी विचारलं की हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं नाही आलं.

२४ जून, सोमवार

माझ्या मॉडेलमध्ये डिस्पॅचचा ९६ अगदी तंतोतंत येतो. इतका की मलाच चैन पडेना.

मार्चमधली एक ऑर्डर मला आठवत होती. तिच्यावरून ग्राहकाने फोनवर केलेला आरडाओरडा शेजारच्या केबिनपर्यंत ऐकू आला होता. ती शोधली. मॉडेल म्हणतं, वेळेवर. ईआरपी उघडलं : कबूल तारीख १९ एप्रिल, गेटपास १८ एप्रिल. ग्राहकाला गेलेली मेल काढली, तिच्यात कबुली २८ मार्चची.

म्हणजे तारीख बदलली की जुनीवर नवी बसते. मागे काही राहत नाही. आदल्या दिवशी तारीख पुढे सरकवली की उशीर झालाच नाही. डिस्पॅचचा ९६ टक्के हा आम्ही शब्द किती पाळला याचा आकडा नव्हताच. तारीख बदलायला किती जण विसरले, ते उरलेले ४ टक्के सांगतात.

चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या चलनधोरणाबद्दल म्हटलं होतं की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते माप आधीसारखं वागेनासं होतं. चटकन ते आठवलं आणि डिस्पॅचप्रमुखांकडे जरा तावातावानेच गेले. ते शांत होते. "मॅडम, निम्म्या वेळा तारीख ग्राहकच पुढे नेतो. त्यांचं गोदाम भरलेलं असतं, म्हणतात आत्ता पाठवू नका. ती जुनी तारीख मग माझ्या माथी मारणार का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

२७ जून, गुरुवार

जुन्या रिपोर्टच्या सर्व्हर लॉगमध्ये एक गंमत दिसली. तो रिपोर्ट फारसा कोणी उघडत नाही, पण रोज सकाळी सव्वानऊच्या सुमारास एक माणूस उघडतो, 'एक्सेलमध्ये उतरवा' दाबतो आणि बंद करतो. सुट्ट्या सोडून एकही दिवस चुकलेला नाही. नियोजन विभागातले ज्येष्ठ सहकारी, त्यांना सगळे काका म्हणतात.

डॅशबोर्ड करणाऱ्याला असा माणूस खुपतो. आपण आलेख काढायचे आणि यांनी टेबल उतरवून घ्यायचं! त्यांची ही सवय कशी मोडायची, हेच डोक्यात घेऊन गेले.

"ये, बस," म्हणाले आणि फाइल उघडली. उतरवलेल्या टेबलाच्या उजवीकडे त्यांचे स्वतःचे कॉलम. पहिल्याचं नाव 'प. ता.' त्यानंतर 'दु. ता.', 'ति. ता.' एका ओळीला तर 'पा. ता.' पर्यंत. काही खाने पिवळे, काही शेंदरी.

"काका, प. ता. म्हणजे?"

"पहिली तारीख. आपण ग्राहकाला पहिल्यांदा सांगितलेली. सिस्टिममध्ये बदलली की इकडे नवीन कॉलममध्ये टाकतो, जुनी ठेवतो."

"कशाला पण?"

"ग्राहकाचा फोन येतो तेव्हा तो पहिलीच तारीख सांगतो. मला ती माहीत नको?"

डेटाच्या पुस्तकी भाषेत याला संथ बदलणाऱ्या मितीचा दुसरा प्रकार म्हणतात. जुनी किंमत पुसायची नाही, तिच्याशेजारी नवी ओळ लिहायची. काका ओळीऐवजी कॉलम वाढवतात एवढाच फरक. जे ईआरपीने करायला हवं होतं ते हा माणूस रोज सव्वानऊला हाताने करत आलाय. कधीपासून? जानेवारी २०२१ पासून, महिन्याला एक फाइल. आत्तापर्यंत ४२ व्हायला हव्यात. एक लॅपटॉप बिघडला तेव्हा गेली, म्हणून ४१.

आमच्या या कामाला जे नाव आहे ते 'बिझनेस इंटेलिजन्स' हे शब्द आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मधल्या एका लेखात वापरले होते. त्यांच्या कल्पनेतली यंत्रणा आलेखांची नव्हतीच. ती कागदपत्रांची होती. कोणाला काय लागेल हे जसं तिने ओळखायचं, तसंच कोणाला काय आधीच ठाऊक आहे हेही शोधायचं. तीन आठवडे मी टेबलं चाळत होते आणि हे काका माझ्या जागेपासून दोन खिडक्या पलीकडे बसतात.

१ जुलै, सोमवार

व्याख्येची बैठक. काकांच्या जूनच्या फाइलशी जुळवून आकडा काढला होता. पहिल्या तारखेप्रमाणे, ओळींवर मोजून, गेटपर्यंत : ७१ टक्के. त्याच ओळी शेवटच्या तारखेप्रमाणे : ९६.

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

शेवटी ठरलं ते असं. आकडे दोन राहणार आणि दोन्ही शेजारी-शेजारी दिसणार. पहिल्या कबुलीप्रमाणे आणि शेवटच्या कबुलीप्रमाणे. एकक ओळ. शेवट गेटला, कारण वाहतूकदाराच्या तारखा अजून पुरत्या भरवशाच्या नाहीत. पुढे पोच-तारखेचा विचार करू. फायनान्सच्या कॉलमचं नाव 'महिन्यात बिलिंग' झालं आणि तो या विषयातून बाहेर पडला. एमडी म्हणाले, "मी एकच मागितला होता." मी म्हटलं, "सर, दोन आकड्यांमधलं अंतर हाच तुमचा आकडा आहे." ते खूश झाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

डिस्पॅचप्रमुखांचा प्रश्न तसाच उभा आहे. २५ टक्क्यांच्या त्या अंतरातलं ग्राहकामुळे किती आणि आपल्यामुळे किती? कारण कुठेच नोंदलेलं नाही, काकांच्या फाइलमध्येही नाही. इतिवृत्तात तसंच लिहिलं.

४ जुलै, गुरुवार

ईआरपीत बदलांची नोंद ठेवायची सोय मुळात आहे, हे आयटीने आज सांगितलं. सिस्टिम मंदावते म्हणून ऑर्डरच्या टेबलावर ती कधीतरी बंद केली होती. आता फक्त दोन कॉलमांपुरती चालू केली : कबूल तारीख आणि प्रमाण. आजपासूनचा इतिहास सिस्टिम ठेवेल. आजवरचा काकांकडून घ्यायचा.

४१ फाइल एका फोल्डरमध्ये टाकून पॉवर क्वेरीने एकत्र केल्या, असं एका वाक्यात लिहिता येतं. प्रत्यक्षात अडीच दिवस गेले. शीर्षकं बदललेली : 'प. ता.', 'प ता', 'पहिली ता.', एका वर्षी नुसतंच 'पहिली'. मधूनच जोडलेले खाने. तारखेच्या जागी 'फोन करणे'. रंगांना अर्थ होता, पण पॉवर क्वेरीला रंग दिसत नाहीत. शेंदरी म्हणजे ग्राहक चिडलेला, असं काकांनी सांगितलं, आणि ती माहिती गेली ती गेलीच.

९ जुलै, मंगळवार

पानं मांडायला घेतली. पहिल्या मसुद्यात एमडींच्या आवडीचे गाडीतल्यासारखे काट्याचे मीटर होते आणि उशिराच्या कारखान्यांचा अकरा पाकळ्यांचा पाय चार्ट. दोन्ही काढले. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांचा १९८४ चा प्रयोग या कामात माझ्या फार उपयोगी पडतो. एकाच पट्टीवरचं स्थान माणूस सर्वांत अचूक वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ वाचताना चुका वाढतात. सरळ आडवे पट्टे, मोठ्यापासून लहानाकडे, इतकंच ठेवलं. मीटर गेल्याचं एमडींना वाईट वाटलं.

रंगावरून नेहमीचा घोळ. सगळ्यांना लाल-हिरवं हवं. आमच्याच टीममधल्या एकाला त्या दोघांतला फरक नीट दिसत नाही, आणि पुरुषांत हा दोष दुर्मीळ नाही. निळा आणि नारिंगी घेतला, शिवाय आकडा शेजारी लिहिला.

मोठी वादावादी अक्षावरून. विक्रीप्रमुख म्हणाले, उभे पट्टे ६० पासून सुरू करा म्हणजे सुधारणा डोळ्यांत भरेल. पट्ट्यात लांबीच वाचली जाते, ती तळातून कापली तर ७१ आणि ७४ मधला फरक डोंगराएवढा दिसेल. त्यांना महिन्यांची रेषा काढून दिली. रेषेत आपण चढ-उतार बघतो, तिथे अक्ष शून्यापासून नसला तरी मला चालतो.

मग ज्याच्यासाठी दिवस सार्थकी लागला ते. टक्केवारी बाजूला ठेवून नुसते उशिराचे दिवस मोजले आणि वारंवारितेचा आलेख काढला : किती ओळी एक दिवस उशिरा, किती दोन, किती तीन. वाटलं होतं, हळूहळू उतरत जाणारी घसरण दिसेल. दिसली, पण सातव्या दिवशी एक टेंगूळ. चौदाव्या दिवशी धाकटं टेंगूळ. टक्केवारीच्या कुठल्याच आलेखात हे कधी दिसलं नसतं.

सात दिवसांचा काय संबंध? वस्तूनुसार तोडलं. टेंगळातल्या जवळजवळ सगळ्या ओळी बाहेरून कोटिंग करून येणाऱ्या भागांच्या. उत्पादनातल्या एकाला दाखवलं, तो बघताच म्हणाला, "कोटिंगची गाडी गुरुवारी जाते. गुरुवार चुकला की पुढचा गुरुवार."

१६ जुलै, मंगळवार

प्रकाशित केलं. म्हणजे करायला गेले आणि थांबले.

प्रत्येक कारखान्याला फक्त आपल्या ओळी दिसाव्यात म्हणून ओळपातळीची सुरक्षा लावली होती. डेस्कटॉपवर तपासली, चोख. सर्व्हिसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पॉवर बीआयमध्ये, एका कारखानाप्रमुखांच्या खात्यातून बघितलं तर सगळ्या कंपनीच्या ओळी उघड्या. मी त्यांना सोयीसाठी वर्कस्पेसमध्ये 'मेंबर' करून ठेवलं होतं. ही सुरक्षा नुसत्या 'व्ह्यूअर' असलेल्यांनाच लागू होते, ज्यांच्या हाती संपादनाचा अधिकार आहे त्यांना नाही. सगळ्यांना खाली उतरवलं. दोघांनी विचारलं की आमचं पद कमी झालं का.

दुसरी गोष्ट किरकोळ, पण डोकं खाणारी. 'आज जायला हवं' ही यादी सकाळच्या पहिल्या रिफ्रेशनंतर (डेटा ताजा झाल्यावर) कालची दिसे, दुपारी मात्र बरोबर. सर्व्हिस 'आज' कोणता हे यूटीसीवरून (जागतिक प्रमाणवेळेवरून) ठरवते आणि आमची सकाळ उजाडली तरी तिथे कालचाच दिवस चालू असतो. फॉर्म्युल्यात तासांचा फरक घातला.

रिफ्रेश दिवसाला सहा ठेवले. प्रो परवान्यात आठ बसतात, दोन अडीअडचणीला.

३० जुलै, मंगळवार

चार दिवस रजेवर होते. परत आले तर मेलबॉक्समध्ये रिफ्रेश फसल्याच्या मेल आणि शेवटी एक : वेळापत्रक बंद केलं आहे. डेटाबेसच्या खात्याचा पासवर्ड आयटीच्या नियमाप्रमाणे बदलला गेला, गेटवेला (डेटाबेसमधून पॉवर बीआयपर्यंत डेटा पोचवणाऱ्या दुव्याला) कोणी कळवलं नाही. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसलं की पॉवर बीआय वेळापत्रक स्वतःच थांबवतं. काल सोमवारच्या बैठकीत सगळ्यांनी गुरुवारचे आकडे बघून निर्णय घेतले. कोणालाही कळलं नाही, कारण शिळा आलेख ताज्यासारखाच दिसतो.

पानाच्या माथ्यावर 'डेटा कधीचा' हे मोठ्या अक्षरात टाकलं. चोवीस तासांहून जुना असेल तर नारिंगी. फसल्याच्या मेल आता दोघांना जातात. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, माहीत होतं, केलं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

वापराचा अहवाल बघितला. मी सहा पानं केली होती. लोक दोन उघडतात : थकलेल्या ओळींची यादी आणि उशिराच्या दिवसांचा आलेख. ग्राहकांच्या नकाशावर मी दीड दिवस घालवला होता, तो महिन्याभरात तिघांनी बघितला, त्यातली एक मी. नकाशासकट चार पानं काढून टाकली. एकाचीही तक्रार आलेली नाही.

कोटिंगची गाडी मागच्या आठवड्यापासून सोमवारीही जाते. सातव्या दिवसाचं टेंगूळ बसलं का, हे इतक्यात सांगणं घाईचं होईल. उत्पादनातला तो मुलगा रोज येऊन विचारतो.

२ सप्टेंबर, सोमवार

आयटीकडून ॲक्टिव्हिटी लॉग मागवला. रोज सकाळी सव्वानऊ, एक्सेलमध्ये उतरवणं, काका. चालूच!

पहिली तारीख आता डॅशबोर्डवर आहे, दुसरी-तिसरीही आहे. मग काय उतरवतात? यावेळी सवय मोडायला नाही, बघायला गेले.

'प. ता.' वगैरे कॉलम त्यांनी काढून टाकलेत. "ते तुझ्याकडे येतं ना आता." त्यांच्या जागी एक नवा कॉलम : 'कोणी'. आत 'ग्रा' किंवा 'आ'. ग्राहकाने पुढे नेली की आपण. डिस्पॅचप्रमुखांचं बैठकीतलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवसापासून लिहायला घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं.

तिथेच बसून मोजलं. ऑगस्टमध्ये पुढे गेलेल्या तारखा ११२. 'ग्रा' ४७, 'आ' ५८, आणि सात ठिकाणी प्रश्नचिन्ह. डिस्पॅचप्रमुख निम्म्या म्हणाले होते, निम्म्याला थोड्या कमी भरल्या. त्यांना फोन केला. जरा थांबून म्हणाले, "ते ५८ मला पाठवा."

ईआरपीत तारीख बदलताना कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा बदल आयटीकडे मागितला. निवडीच्या यादीत ग्राहक आणि आपण असे दोनच पर्याय लिहिले होते. काकांना दाखवले.

"प्रश्नचिन्हही ठेव," म्हणाले. "नाहीतर घाईत कोणीही 'ग्रा' दाबेल."

ठेवलं.